पंगत आणि चूल

(घाटनांदूर, ता. अंबाजोगाई, जि. बीड येथे गावोगावच्या गाणाऱ्या बायांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. भाषण जेवणाच्या आधी झाले.)

मैत्रिणींनो, मावश्यांनो, आणि मागं भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या दादा लोकांनो,

मला घ्यायला आलेल्या बायांनी सकाळीच बजावलं, "ताई, तुमचं बोलणं जेवणाच्या आधी ठेवलंय, तवा बेतानं बोला. भाकरी गार होत्यात." मी म्हटलं, बरं झालं. कारण मला बोलायचंय ते जेवणाबद्दलच. आपण गाणाऱ्या-वाजवणाऱ्या बाया एका ठिकाणी जेवतो, त्यानं आपला एकोपा होतो असं आपण म्हणतो. तो खरंच होतो का, आणि कशानं होतो, एवढंच मला आज बोलायचं आहे.

इथं कोण कोण आलंय ते जरा मान वळवून बघा. परळीकडून आणि लातूर रोडकडून आगगाडीनं उतरलेल्या आहेत. अंबाजोगाईहून एसटीनं आलेल्या आहेत. परडी घेऊन आईची गाणी म्हणणाऱ्या आराधी आहेत, एकादशीच्या भजनाच्या बाया आहेत, भीमजयंतीला रात्र रात्र गाणाऱ्या आहेत, लग्नात हळदीची गाणी म्हणणाऱ्या आहेत. कॉलेजात शिकून पथनाट्य करणाऱ्या पोरी आहेत. यातल्या कितीतरी जणी दिवाळी झाली की कारखान्याच्या वाटेला लागतात. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. म्हणजे बाई मोजली जाते ती अर्धा कोयता म्हणून, गाणारी म्हणून नाही. हंगामात हा मेळावा घेतला असता तर निम्म्या गळ्यांवाचूनच घ्यावा लागला असता. टोळ्या परत आल्या म्हणून आज आपण एवढ्या जणी इथं आहोत.

निरोप असा गेला होता की प्रत्येकीनं येताना दोन भाकरींचं पीठ आणावं. आचारी लावायचा नाही, कुणा एकीच्या घरावर भार टाकायचा नाही. सगळं पीठ एका परातीत, सगळ्यांच्या भाकरी एका चुलीवर. बेत चांगला होता. सकाळी पिशव्या सुटायला लागल्या, परात भरायला लागली, आणि एक बाई पीठ पदराखाली धरून तशीच उभी राहिली. तिनं विचारलं, "ह्या परातीत कुणाकुणाचं पीठ हाय?"

सगळ्या गप्प झाल्या. कुणी चुलीत फुंकर घालायला लागलं, कुणी पाणी आणायला गेलं. त्या बाईचं नाव मी सांगणार नाही, आणि तिला नावंही ठेवणार नाही. ती इथंच बसलीय. तिनं तोंडानं विचारलं, इतकंच. मनात विचारणाऱ्या आणखी किती होत्या ते ज्यांचं त्यांना माहीत आहे. त्या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय मला पंगतीत बसवणार नाही, म्हणून हे भाषण.

आधी माझीच एक गोष्ट सांगते. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आम्ही दहा-बारा जणी पथनाट्य करत गावोगाव हिंडत होतो. नाटकाचा विषय होता बाईचं न मोजलेलं काम. पहाटे उठून पाणी, सडा, भाकरी, मग रान, मग परत चूल. मी त्यात सासू व्हायची. एका गावी, नाव घेत नाही, पारावर प्रयोग झाला. माणसं पुष्कळ, टाळ्या पुष्कळ. प्रयोगानंतर एका घरी आमचं जेवण होतं. आम्ही रंगात होतो. कुठल्या वाक्याला बाया हसल्या, कुठं डोळ्यांना पदर लावला, असं बोलत जेवत होतो. मी सहज वाढणाऱ्या वहिनींना विचारलं, "वैनी, नाटक कसं वाटलं?" त्या म्हणाल्या, "आम्ही कुठं बघितलं? आम्ही चौघी सांजच्यापासून तुमच्यासाठीच भाकरी थापीत होतो की."

घास घशात अडकणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. बाईच्या न मोजलेल्या कामावर आम्ही नाटक केलं, आणि त्याच कामात अडकलेल्या चार बायांना ते दिसलं नाही. आणि अडकवलं होतं आम्हीच.

पण गोष्ट तिथंच संपत नाही. त्या प्रयोगाआधी गर्दी जमवायला एक आराधी मावशी गायली होती. असा गळा मी पुन्हा ऐकला नाही. जेवताना ती दिसेना म्हणून मी बाहेर आले. ती ओट्याच्या खाली, गोठ्याच्या अंगाला बसून आपल्या फडक्यातली भाकरी खात होती. मी म्हटलं, "मावशी, आत चला ना." ती म्हणाली, "मी हितंच बरी हाय माय. तुमचं होऊ द्या." तिला कुणी बाहेर बस म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती. तिला तिची जागा माहीत होती, घरवाल्यांना माहीत होती, आणि आम्ही शहाण्या, शिबिरं केलेल्या, आम्हाला ती दिसली नाही. मी तिच्याजवळ जाऊन बसले का? नाही. मी परत आत गेले आणि राहिलेलं ताट संपवलं. हे मी आजवर कुठल्या भाषणात सांगितलेलं नाही. आज सांगते, कारण सकाळी परातीपाशी मला ती मावशी आठवली.

तेव्हा माझ्या लेखी पंगतीला दोन बाजू आहेत. एक, पंगतीत कोण बसलंय. दुसरी, चुलीपाशी कोण राहिलंय. पहिली जातीची बाजू, दुसरी बाईपणाची. आपल्याकडं कलावंतांच्या एकत्र जेवणाचं कौतुक पुष्कळ होतं, पण दोन्ही बाजू एकदम कुणी बघत नाही.

आपल्या मातीतलंच बघू. सप्ताह संपला की काल्याचं कीर्तन होतं. काला म्हणजे काय? गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, कुणाची भाकरी, कुणाचं दही, कुणाचं लोणचं, सगळं एकत्र कालवलं आणि सगळ्यांनी खाल्लं. आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळ गोपाळपूरला वारकरी काला करतात, एकमेकांच्या तोंडात भरवतात. गाणाऱ्या-नाचणाऱ्या माणसांनी एकत्र जेवावं, आणि जेवताना कुणाचं काय ते ओळखू येऊ नये, यापेक्षा मोठी कल्पना कुठली? पण त्याच पंढरपुरात चोखोबांची समाधी देवळाच्या बाहेर आहे, आणि अस्पृश्य म्हटलेल्या माणसांना आत जाण्यासाठी १९४७ साल उजाडावं लागलं. साने गुरुजींना त्यासाठी उपोषण करावं लागलं. शतकानुशतकं काल्याचं कीर्तन चाललं, आणि दाराबाहेरची शिदोरी बाहेरच राहिली.

पैठणच्या नाथांची कथा तुम्हाला माहीत आहे. श्राद्धाचा स्वयंपाक झालेला, वासानं दारात आलेल्या भुकेल्या महारांना नाथांनी ते अन्न वाढून दिलं. ब्राह्मण रुसले. कथा आपण इथंपर्यंत सांगतो आणि नाथांची थोरवी गातो, ती गायलाच हवी. नाथ कवी होते, भारुडं लिहिणारे होते, आणि त्यांनी पंगतीची रेघ पुसली. पण त्या कथेत पुढं ब्राह्मणांसाठी पुन्हा स्वयंपाक करावा लागतो. तो कोण करतं? गिरिजाबाई. एका दिवसात दोनदा सोवळ्यातला स्वयंपाक. कीर्तनात मी गिरिजाबाईंची थोरवी फारशी ऐकलेली नाही. तुम्ही ऐकलीय का?

तमाशाकडं या. पठ्ठे बापूराव हे मूळचे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६, मृत्यू १९४५. ब्राह्मणाच्या मुलानं कुलकर्णीपण सोडलं आणि तमाशाच्या फडात गेला. फडातल्या माणसांत राहिला, त्यांच्यात जेवला, जातीनं त्याला दूर केलं तरी फिरला नाही. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. बापूरावांच्या त्यागाबद्दल आपण वाचतो. पण त्यांची लावणी जिच्या गळ्यातून आणि पायांतून महाराष्ट्रभर गेली ती हिवरगावची पवळाबाई, तिनं काय सोडलं आणि तिला कुठल्या पंगतीत पाट मिळाला, हे विचारणारे थोडे. वरच्या जातीचा पुरुष खाली येऊन जेवला की तो त्याग होतो. खालची म्हटलेली बाई वर येऊन बसायला गेली की तो आगाऊपणा होतो.

संगीत नाटकांच्या कंपन्या आठवा. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० साली रंगभूमीवर आलं, तिथून पुढं कितीतरी मंडळ्या निघाल्या. कंपनीचं बिऱ्हाड असायचं. नटांचं राहणं, जेवण कंपनीकडं. एका छपराखाली, एका मुदपाकखान्यावर पोसलेली ही माणसं, म्हणून तर त्यांच्यात जिव्हाळा झाला, तालमी रंगल्या, गाणं पिकलं. पण त्या बिऱ्हाडात बाई कलावंत म्हणून नव्हतीच. बाईचं सोंग पुरुष घ्यायचा आणि वाहवा त्याची व्हायची.

चळवळीतल्या कलावंतांनीही एकत्र चुली मांडल्या. १९४३ साली मुंबईत इप्टा म्हणजे भारतीय जन नाट्य संघ स्थापन झाला. बंगालात तेव्हा दुष्काळानं माणसं मरत होती. इप्टाचं मध्यवर्ती पथक पुढची दोन-तीन वर्षं अंधेरीला एका घरात राहिलं. निरनिराळ्या प्रांतांतली, भाषांची, जातिधर्मांची तरुण मुलंमुली तिथं एकत्र राहत, एकत्र जेवत, नाच-गाणी बसवत. उपाशी माणसांसाठी गाणारे आपण एकमेकांत ताट वेगळं कसं करणार, हे त्यांना उमगलं होतं. त्याच सुमारास, १९४४ साली, गिरणगावात अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक उभं राहिलं. पुढं संयुक्त महाराष्ट्राची चळवळ याच आवाजांनी पेटवली.

आता गिरणगावातली चूल बघा. गावाकडून एकटा आलेला कामगार चाळीत, गाळ्यात राहायचा आणि कुणा बाईच्या खानावळीत जेवायचा. गाणारे आणि गाणं ऐकणारे, दोघांचंही पोट त्या खानावळीवर. या बाया उसनवारीनं वाण्याकडून किराणा आणायच्या, सावकाराचं व्याज भरायच्या. गिरण्या बंद पडल्या, संप झाला, की कामगाराचा पगार थांबायचा, पण बाईची चूल थांबायची नाही. तिनं उधारीवर जेवू घालायचं. संप कामगारांनी लढला असं इतिहासात लिहितात. संप जेवला कुणाच्या जिवावर, हे लिहीत नाहीत. हे ओळखलं ते कामगार चळवळीतल्या प्रेमाताई पुरव यांनी. १९७५ साली त्यांनी खानावळवाल्या बायांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, त्यांची सावकाराच्या तावडीतून सुटका व्हावी म्हणून धडपड केली. मला त्यात मोठं वाटतं ते हे, की रांधणाऱ्या बाईला पहिल्यांदा 'कामगार' म्हटलं गेलं.

तुम्ही म्हणाल, ताई सगळीकडची उणी दुणी काढत बसल्यात. तसं नाही. एकत्र जेवण्यात ताकद आहे म्हणूनच हा खटाटोप. ज्यांना माणसं वेगळी ठेवायची असतात, त्यांना ती ताकद आपल्यापेक्षा चांगली कळते. म्हणून तर रोटीव्यवहारावर एवढा पहारा. गाणं ऐकतील, टाळ्या देतील, पैसे ओवाळतील, पण पाणी वरून ओततील. गाण्याला विटाळ नाही, गाणारीच्या हाताला विटाळ! १९७८ साली नामांतराच्या प्रश्नावर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या. मोठी माणसं तो काळ विसरलेली नाहीत. त्यानंतर कितीतरी गावांत भजनाचे आणि भीमगीतांचे आवाज एका ओट्यावर आलेले नाहीत. आज ते या खोलीत आलेत. ही लहान गोष्ट नाही.

आपल्या जवळच एक चांगलं उदाहरण आहे, नांदेडचं. गुरुद्वारातला लंगर ज्यांनी बघितला असेल त्यांना आठवेल. भुईवर एकाच पातळीवर पंगत, कोण कुणाच्या शेजारी बसलं याचा हिशेब नाही. आणि लंगर म्हटला की रांधणं, वाढणं, भांडी घासणं ही सेवा. ती बायांनी करायची तशी बाप्यांनीही करायची. तिथं कीर्तन आणि लंगर जोडीनं चालतात. गाणं ऐकायचं, मग एका ओळीत जेवायचं. पंगत आणि चूल दोन्हींचा विचार शिखांच्या गुरूंनी केला. सगळं तिथं साधलं असं मी म्हणत नाही, पण वाट दिसते.

आता आपल्याकडं, बायांकडं येते.

माझी आई जात्यावर गायची. पहाटे तीनला घरघर सुरू व्हायची, आणि तिच्याबरोबर ओवी. आम्ही पोरं त्या आवाजात झोपायचो. तिला कुणी कलावंत म्हटलं नाही. तिनं स्वतःला म्हटलं नाही. पुरुष कलावंताला जेवण हा कार्यक्रम झाल्यावरचा विसावा असतो. बाईची कला जेवण करता करताच जन्मली. दळताना ओवी, कांडताना गाणं, हळद कुटताना गाणं. गंगाखेडची जनाबाई, आपल्यापासून काही लांब नाही, तिचं जातं आणि तिचे अभंग वेगळे काढता येतात का? एका जात्याला दोघी बसायच्या, खुंटा दोघींचा, ओवीही दोघींची. एक उचलायची, दुसरी पुरी करायची. खरं म्हणजे बायांच्या कलेतली पहिली पंगत ती. जेवणाच्या आधीची पंगत.

हेमा रायरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगाव हिंडून अशा ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं, लाखाच्या वर ओव्या. आपल्या जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगरात, बाबासाहेबांवरच्या ओव्या बायांनी त्यांना गाऊन दिल्या. आज तो ठेवा 'पारी'च्या संग्रहात कुणालाही ऐकायला मिळतो. लाखाच्या वर ओव्या! आणि आपण म्हणत होतो, आम्हाला काय येतंय?

गिरणी आली, जातं अडगळीत गेलं. पहाटेचे कष्ट वाचले, ते वाचायलाच हवे होते. कुणी बाईला पुन्हा जात्याला जुंपा म्हणेल तर मी त्याच्या आडवी जाईन. पण जात्याबरोबर दोघींनी समोरासमोर बसायची जागाही गेली. आता ओवी म्हणायची कुठं? कुणासमोर? म्हणून मला वाटतं, आपलं एकत्र जेवण म्हणजे ताटं मांडल्यावरची अर्ध्या तासाची पंगत नाही. पीठ कालवण्यापासून भांडी पालथी घालण्यापर्यंतचा सगळा वेळ, तोच आपला मेळावा. सकाळी चुलीपाशी तुम्ही ज्या चाली एकमेकींना दिल्या, त्या या माईकवर आल्या नाहीत. एका आजीनं भाकरी थापता थापता पथनाट्याच्या पोरीला ताल कसा धरायचा ते परातीवर बोटं वाजवून शिकवलं. मी बघत होते. तेवढ्या वेळेपुरती तरी आजीची जात आणि पोरीचं शिक्षण दोन्ही बाजूला पडली होती.

आणखी एक गोष्ट. जोगवा. आराधी मावश्यांना मी काय सांगावं? परडी घेऊन पाच घरी जायचं, मिळेल ते पीठ-मीठ एकत्र करायचं, त्यातच खायचं. परडीत कुणाचं पीठ आलं हे जोगवा मागणारी विचारते का? विचारलं तर तो जोगवा राहील का? सकाळच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच परडीत होतं, बायांनो. देवीच्या नावानं जे चालतं, ते माणसाच्या नावानं का चालू नये?

आता थोडं कडू बोलते. एकत्र जेवलं की सगळं झालं, असं समजू नका. तमाशाचे मोठे फड बघा. शंभराच्या वर माणसं, आठ-आठ महिने गाड्यांवर, तंबूत. एका भटारखान्यावर सगळा फड जेवतो. त्यांच्यात जीव लावणं असतंच. त्याच फडातून विठाबाई नारायणगावकर आल्या. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हातून गौरव झाला. भर कार्यक्रमात कळा आल्या, पडद्यामागं बाळंत झाल्या आणि पुन्हा उभ्या राहायला निघाल्या, ही हकिकत सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. लोक तिला जिद्द म्हणतात. मला त्यात दिसतं ते हे, की त्या बाईला बाळंतपणाची एक रात्रसुद्धा हक्काची नव्हती. आणि शेवटी २००२ साली त्या गेल्या तेव्हा दवाखान्याच्या खर्चाचीही ओढाताण होती. गेल्यावर त्यांच्या नावानं शासनाचा पुरस्कार सुरू झाला. जिनं आयुष्यभर फड पोसला, तिच्या म्हातारपणी तिला पोसायची व्यवस्था नव्हती. पंगत रोजची होती, पण जबाबदारीची वाटणी नव्हती.

म्हणून पंगतीतून आपल्याला आणखी काही काढता आलं पाहिजे. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलाकारांसाठी राज्य शासनाची मानधन योजना आहे. २०२४ पासून ती रक्कम महिना ५,००० रुपये झाली आहे. इथं बसलेल्या साठी ओलांडलेल्या किती जणींना ती मिळते? हात वर करा. दोन. फक्त दोन! कारण अर्जाला कलेचा पुरावा लागतो. कार्यक्रमाचा फोटो, पत्रिका, कात्रण, कुणाचं तरी प्रमाणपत्र. हळदीच्या गाण्याची पत्रिका कोण छापतं? ओवीचं प्रमाणपत्र कोण देतं? तेव्हा आज जेवणानंतर कॉलेजातल्या मुली वही घेऊन बसतील. प्रत्येकीनं नाव, गाव, काय गाते, कुणाकडून शिकली, किती वर्षं गाते ते सांगायचं. शेजारणीनं साक्ष द्यायची, "होय, हिला मी गाताना ऐकलंय." फोटो काढायचा. पंगतीत शेजारी बसलेली बाई उद्या अर्जाला साक्षीदार झाली पाहिजे. तरच शेजारी बसण्याला अर्थ.

शेवटी तीन गोष्टी ठरवू या. मी सांगते म्हणून नको, तुम्हाला पटल्या तर.

पहिली, आपल्या कुठल्याही कार्यक्रमात जेवणाची सोय होते तेव्हा रांधणाऱ्यांना कार्यक्रम बघता आला पाहिजे. नसेल जमत तर सोपं काही करू. चुरमुऱ्यांचा सुशीला करू, शेंगदाण्याची चटणी-भाकरी घरून बांधून आणू. पण चार बाया मागं ठेवून बाईच्या मुक्तीचं गाणं म्हणायचं नाही.

दुसरी, पीठ एका परातीत. वेगळं ताट, वेगळा पेला, वेगळा कोपरा आपल्या मेळाव्यात राहणार नाही. कुणी बाहेर बसली दिसली तर "आत या" एवढं म्हणून भागत नाही, तिच्याजवळ जाऊन बसायचं. मला तेव्हा ते जमलं नाही. तुम्हाला जमावं.

तिसरी, मेळाव्याला येताना दोन भाकरींच्या पिठाबरोबर एक मूठ ज्वारी जास्तीची आणायची. ती वेगळ्या डब्यात. कुणी बाळंतीण असेल, कुणी आजारी, कुणी म्हातारी एकटी, तिच्या घरी ती जाईल. मूठभरानं काय होतं असं वाटेल. पण मूठ देणारीला तिची आठवण राहते, आणि घेणारीला कळतं की आपलं गाणं कुणाच्या तरी हिशेबात आहे.

एक चौथीही आहे, ती मागं उभ्या दादा लोकांसाठी. ढोलकी तुम्ही चांगली वाजवता. हात मोकळे आहेत. आज वाढणं आणि भांडी तुमच्याकडं. हसू नका, मी खरंच सांगतेय.

आता सकाळच्या प्रश्नाचं. "ह्या परातीत कुणाकुणाचं पीठ हाय?" प्रश्न वाईट नाही. उत्तर लपवायचं कारणही नाही. त्यात आराधी मावशीचं आहे, भजनाच्या बायांचं आहे, भीमनगरातल्या ताईंचं आहे, ऊस तोडून आलेल्या जावा-जावांचं आहे, हॉस्टेलच्या पोरींनी गिरणीतून विकत आणलेलं आहे, आणि माझंही आहे. सगळ्यांची नावं घेऊन सांगू. लपवून खाल्लेल्या भाकरीनं एकोपा होत नाही, जाणून खाल्लेल्या भाकरीनं होतो.

आणि ज्या बाईनं विचारलं, तिनं भाषण सुरू व्हायच्या आधी काय केलं ते मी बघितलं. ती बराच वेळ उभी राहिली. मग पिशवी सोडली, परातीत पालथी केली, आणि कुणाशी न बोलता मळायला बसली. तिच्या मनात काय चाललं होतं मला माहीत नाही. घरी गेल्यावर तिला काय ऐकावं लागेल, याची मात्र मला थोडी कल्पना आहे. तेव्हा उद्या तिला बोलणी बसली तर आपण तिच्या घरी जायचं. चार-पाच जणींनी मिळून जायचं, ओट्यावर बसायचं, पाणी मागायचं आणि तिच्या घरातलं पाणी प्यायचं.

चला, भाकरी गार होतील. उठा, पंगत धरा. आणि आज भजनाच्या बायांनी भजनाच्या बायांशेजारी बसायचं नाही.